पंच्याऐंशीची लेन्स

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्याचा बाप बसला होता. अकरा वर्षांमागे गेलेला, एसटीच्या वर्कशॉपात टायर चढवता चढवता छातीला हात लावून खाली बसलेला आणि मग न उठलेला बाप. अंगातला शर्ट मात्र यशपालचा होता, निळ्या चौकड्यांचा, सकाळीच धम्मप्रियाने, त्याच्या बायकोने, इस्त्री करून दिलेला. बुडाखालचं स्टूल नवी पेठेतल्या गुरुशांतच्या कॅमेऱ्यांच्या दुकानातलं होतं, आणि मागची खोक्यांची चळत इतकी पुसट झाली होती की ती खोकी आहेत हे ठाऊक असणाऱ्यालाच ओळखू यावीत. यशपालने कॅमेरा काउंटरवर ठेवला, मग पुन्हा उचलला. बाप तसाच बसून होता. काहीतरी विचारावं की राहू द्यावं अशा बेतात ओठ जरासे उघडे, गालफडं बसलेली, कपाळावर डाव्या बाजूला ती एक उभी आठी. आणि डोळे. डोळ्यांपाशी आल्यावर यशपालची नजर सरकलीच. सत्तेचाळीस वर्षांचा गडी, हजारभर लग्नं काढलेला, लोकांची तोंडं बघण्यावर ज्याचं पोट चालतं असा माणूस, भर दुपारी पंख्याखाली स्वतःच्याच फोटोला घाबरून उभा राहिला.

"काय ओ यशपालराव," गुरुशांत म्हणाला, "एवढं काय बघायलाव? तुमचंच तोंड हाय की ते."

तोंड त्याचंच होतं, त्यात काय शंका. पण ते त्याने कधी पाहिलं होतं? आरशात माणूस दाढी बघतो, भांग बघतो, दातात अडकलेलं बघतो. आणि फोटोग्राफरचा फोटो कोण काढतो? घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये यशपाल नाही, कारण यशपाल कॅमेऱ्याच्या मागे आहे. त्याचा शेवटचा समोरून काढलेला फोटो आधार कार्डावरचा, आणि त्याला फोटो म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं. नेमकं हेच ओळखून गुरुशांतने ही खोड लावून घेतली होती. लेन्स मागायला आलेल्या फोटोग्राफरला तो आधी लेन्स दाखवतच नसे. स्टुलावर बसवायचा, त्याचाच कॅमेरा मागून घ्यायचा आणि एकेक लेन्स चढवून त्याचेच फोटो काढायचा. दुसऱ्याच्या तोंडावर लेन्स तपासून काय कळतंय, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याचं नाक मोठं दिसलं तर तुम्ही म्हणणार, असेल त्याचं नाकच तसं. स्वतःचं नाक मोठं दिसलं की लगेच कळतं की चूक कुणाची आहे.

यशपाल आला होता प्राइम लेन्स घ्यायला. म्हणजे झूम न होणारी, एकाच जागी ठाम बसलेली. माणूस मोठा हवा तर तुम्ही चालत पुढे जा, लहान हवा तर चालत मागे या. लग्नाच्या धावपळीत असले लाड परवडत नाहीत, तिथे झूम फिरवत फिरवत त्याने वीस वर्षं काढली. पण महिन्याभरामागे त्याची आई, नागूबाई, तिच्या जुन्या मैत्रिणीच्या, केराबाईच्या, मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला जाऊन आली आणि दारात चपला काढता काढता म्हणाली, "यशपाल, माजा एक फोटो काडून ठिव. आत्ताच. डोळं उगडं असल्याला." तो हसला होता. डोळे मिटलेला फोटो कोण कशाला काढेल, आई, असं म्हणाला होता. तीही हसली होती, पण जरा उशिराने, आणि पाणी प्यायला आत गेली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं की हा फोटो लग्नातल्या फोटोसारखा काढायचा नाही. नीट काढायचा. त्यासाठी नीट लेन्स घ्यायची.

आज गुरुशांतने पहिली चढवली ती पस्तीस मिलिमीटरची. तो हातभर अंतरावर येऊन वाकला होता, त्याच्या तोंडाचा लवंगेचा वास येत होता. त्या फोटोत यशपालचं नाक आधी आलं होतं आणि यशपाल मागून, कान तर यायचेच राहिले होते. दोघे हसले. मग पन्नासची. तो फोटो बरा होता, शेजारच्या गल्लीतला कुणी ओळखीचा भेटावा इतपत बरा. मग पंच्याऐंशीची चढवून गुरुशांत मागे सरकत गेला, काउंटर ओलांडून, पायरी उतरून, जवळजवळ रस्त्यावर. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला तरी हलला नाही. तिथून ओरडून म्हणाला, हनुवटी खाली घ्या, इकडं बघा. यशपालने बघितलं. बस, एवढंच झालं होतं.

"लेन्स काय जादू करत न्हाई ओ," तो आता आत येऊन सांगत होता. "तुमी किती लांब हुभारलाव त्याच्यावर तोंड ठरतंय. जवळ गेलं की फुगतंय, वाकडं हुतंय. बेतानं लांब गेलं की माणूस हाय तसा दिसतंय. लोक हजार लेन्सा बदलत्यात, पण मागं सरकायला तयार न्हाईत."

यशपालने खिशातून मोबाइल काढला. त्यात घरच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो होता. बापाच्या स्मृतिदिनाला नातेवाइकांना पाठवायला दरवर्षी लागे. त्याने मोबाइल कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी धरला. इकडे आज काढलेला तो स्वतः, तिकडे ईश्वर, त्याचा बाप, कोट घातलेला, निळ्या आभाळासमोर. आणि त्या दोघांत कोट घातलेला माणूस परका होता. रुंद तोंडाचा, भरल्या गालांचा, समाधानी, शांत नजरेचा कुणीतरी गृहस्थ. बँकेत मॅनेजर असावा असा. हा माणूस अकरा वर्षं त्यांच्या घरात राहत होता. रोज सकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लागत होती.

बाप गेला तेव्हा पाच दिवसांत फोटो हवा होता. पाचव्या दिवशी जलदान विधी, तोवर बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी बापाचा फोटो मांडायचा, आणि फोटोग्राफरच्या घरात फोटो सापडेना. एसटीचं ओळखपत्र होतं, त्यातल्या चेहऱ्यातून गंजलेली पिन आरपार गेली होती. शेवटी चुलतबहिणीच्या लग्नातला ग्रुप सापडला. कुंभारीला लग्न होतं, मांडवाच्या तोंडाशी बावीस माणसं उभी केली होती, आणि यशपालच्या पाठीशी भिंत आली होती. मागे सरकायला जागा नाही म्हटल्यावर त्याने झूम पार रुंद टोकाला ओढली आणि सगळी माणसं कशीबशी आत कोंबली. बाप उजव्या टोकाला होता. तो नेहमीच टोकाला उभा राही, लेकाच्या फोटोत बाकीच्यांची अडचण व्हायला नको म्हणून. बटण दाबलं आणि नेमके त्याचे डोळे मिटले. यशपालने ते तिथल्या तिथे पडद्यावर पाहिलं होतं. हे त्याला आठवत होतं, नाही असं नाही. गिऱ्हाइकाचा ग्रुप असला की तो न चुकता तीन वेळा बटण दाबे, कुणी ना कुणी डोळे मिटतंच. पण घरचीच माणसं होती, पंगत बसत होती, कुणीतरी ताट वाढलंय म्हणून हाका मारत होतं. असू दे, म्हणाला होता तो. एक बस झाला.

असल्या फोटोत कडेची माणसं रुंद होतात, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. त्यालाही कळत होतं. पण बाप मेलेल्या माणसाला कळणं आणि दिसणं यांत फार अंतर पडतं. त्या रात्रींच्या जागरणात त्याला एवढंच दिसलं की आपला हाडकुळा बाप इथे भरल्यासारखा दिसतोय, अंगाने बरा दिसतोय, आणि त्याला चक्क आनंद झाला. त्याने तोंड कापून घेतलं. कोट चढवला, आयुष्यात कोटाला हात न लावलेल्या माणसाला कोट. मागे आभाळ घातलं. राहिले डोळे. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक फोल्डर होता, सगळ्याच स्टुडिओंत असतो, त्याची कुणी वाच्यता करत नाही. त्यात कोट होते, फेटे होते, डोक्यावरून घेतलेले पदर होते, आणि 'डोळे' नावाच्या कप्प्यात डोळे होते, नंबर टाकून ठेवलेले. मयताचे नातेवाईक असलेच फोटो घेऊन येतात, मिटलेले, कोपऱ्यातले, हललेले. त्यांना उघडे डोळे लागतात. चौदा नंबरचे डोळे सगळ्यांत सोयीचे. शांत, सरळ समोर बघणारे, कुठल्याही तोंडावर चपखल बसणारे. जेऊरच्या एका आजोबांना त्याने ते लावले होते, करकंबच्या एका तरण्या पोराला लावले होते. मग बापाला लावले.

चौदा नंबर कुणाचे? दुकानात उभ्या उभ्या त्याला ते आठवेना. कुण्या लग्नातल्या वऱ्हाड्याचे असतील, पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या कुणाचे असतील. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. तो माणूस कदाचित याच शहरात, पार्क चौकात आत्ता उसाचा रस पीत असेल, आणि त्याला कल्पनाही नसेल की आपण चार गावांतल्या भिंतींवरून लोकांच्या बायकापोरांकडे बघत आहोत. आणि जलदान विधीला आलेली माणसं! हुबेहूब, म्हणाली होती. अगदी समोर बसल्यागत, म्हणाली होती. हुबेहूब म्हणणाऱ्यांत बापाचे सख्खे भाऊ होते. यशपाल स्वतः होता. हे त्याला आता सगळ्यांत भयंकर वाटलं. चूक केली ते एक वेळ ठीक, दुःखात माणूस काहीही करतो, पण पुढे अकरा वर्षं त्याने बापाची आठवण काढली तेव्हा तेव्हा हाच कोटवाला डोळ्यांपुढे आला होता. तापात असताना बाप उशाशी बसायचा, त्या आठवणीतसुद्धा तो कोट घालून बसलेला. खरा बाप कधी निघून गेला याचा पत्ताच लागला नव्हता, आणि आज तो कुठून आला, तर यशपालच्या स्वतःच्या तोंडातून. बापाचे हे डोळे इथेच होते. आरशात रोज होते. चौदा नंबर उघडण्याआधी त्याने एकदा आरशात पाहिलं असतं तरी चाललं असतं.

"बरं वाटंना काय ओ? पाणी देऊ?" गुरुशांतने विचारलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून लेन्सचं झाकण लावलं आणि कॅमेरा तसाच त्याच्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या लेन्स कॅमेऱ्यावरच. घरी न्या, आईंचा काढा. पसंत पडली तर ठेवा, न्हाईतर उद्या आणून द्या. कुटं जातीया लेन्स."

स्कूटरवर ऊन लागत होतं की नाही हेही यशपालला कळलं नाही. बाजूने टॉवेलचे गठ्ठे लादलेला टेम्पो गेला, सिग्नल सुटला, मागच्याने शिवी दिली तेव्हा तो निघाला. त्याच्या मनात एकच होतं. आईला सांगायचं की नाही? तिचं वय त्र्याहत्तर. रोज सकाळी ती अंघोळ करून त्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, हार ताजा असला तर सारखा करते, हात जोडते. तिला जाऊन सांगायचं, आई, तू अकरा वर्षं ज्याला हात जोडतेस तो दुसराच कुणी आहे? मुलगा म्हणून हे सांगावं? की हा परका आपला म्हणून तिला शेवटपर्यंत सुखाने सांभाळू द्यावा, आणि ती गेल्यावर गुपचूप काय ते करावं? गुपचूप, या शब्दाची त्याला स्वतःलाच लाज वाटली. पण बुधवार पेठेत वळेपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं, सांगायचं नाही.

नागूबाई बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. धम्मप्रिया अंगणवाडीतून अजून यायची होती. त्याने दारातल्या उजेडात खुर्ची ठेवली, आईला तिच्यावर बसवलं. तिने पदर नीट केला, शेंगांची टरफलं मांडीवरून झटकली, आणि हात गुडघ्यांवर ठेवून शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली. यशपालने कॅमेरा डोळ्याला लावला. नुसतं कपाळ आणि नाक. तो मागे सरकला, अजून मागे, खोली केवढीशी, टेबलाला वळसा घालून आणखी मागे, तेव्हा पाठ भिंतीला टेकली. आता आई पुरती आली, पांढऱ्या केसांसकट, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यासकट. गुरुशांत खरं बोलत होता. ती आहे तशी दिसत होती. फक्त ती खाली बघत होती.

"आई, वर बघ."

तिने मान वर केली, पापण्या खालीच.

"अगं इकडं बघ की, माझ्याकडं. डोळे उघडे पाहिजेत म्हणत होतीस ना तूच?"

"बगती की. तू जरा बाजूला सरक तितनं."

"जागाच नाही सरकायला. का?"

एक शेंग नागूबाईच्या मुठीत राहिली होती, ती तिने दाबून फोडली. यशपालने कॅमेरा खाली घेतला आणि मग त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. डोक्याच्या वीतभर वर, मागे, फोटोची चौकट होती. हार त्याच्या केसांना लागत होता.

"त्यो बगतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"तुज्या मागचा." तिने दाणे मुठीतून ताटलीत टाकले. "इतकी वर्सं झाली, मी वर बगून मेणबत्ती लावली न्हाई कदी. खालीच बगती. परक्या बाप्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? हात जोडती ते मनातल्या मनात, ह्येंना." मग तिने विचारलं, अगदी सहज, दुधाचा भाव विचारावा तसं, "डोळं कुणाचं हायती रं ते?"

यशपाल अजून भिंतीला पाठ लावून होता, आणि त्याला हलायची भीती वाटत होती, हललो तर मागचा माणूस पुरता दिसेल म्हणून.

"ठाऊक नाही," तो शेवटी म्हणाला. "खरंच ठाऊक नाही, आई. कॉम्प्युटरमधले होते. तुला... कधी कळलं?"

"तू आणलास त्याच दिवशी. त्यात काय कळायचं? चाळीस वर्सं नांदले की मी."

"मग बोलली का नाहीस? एक शब्द तरी!"

"काय बोलू? तू पाच दिस जेवला न्हवतास. नुसता च्या पिऊन हुतास. त्यो फोटो भितीला लावलास, लांबनं बगितलास, आनि हितं, ह्याच जाग्याला बसून दोन भाकरी खाल्लास. तवा बोलू?" तिचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "मग परत बोलायचं ऱ्हाऊनच गेलं. जाऊ दे. माजं डोळं तेवडं माजंच ठिव म्हंजे झालं. म्हून म्हनलं तुला, मी हाय तवर काड."

यशपालच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबवावं असंही त्याला वाटलं नाही. त्याने मागे वळून हार बाजूला केला, चौकट खिळ्यावरून काढली आणि तोंड भिंतीकडे करून खाली टेकवली. भिंतीवर एक पांढरा चौकोन उरला, बाकी रंग अकरा वर्षांत मळला होता. मग पुन्हा पाठ लावून उभा राहिला. आता नागूबाईने वर पाहिलं. सरळ, न बिचकता, जरा रागाने आणि जरा मायेने. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं.

"दाव की," ती म्हणाली.

तो तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि पडदा तिच्यासमोर धरला. तिने स्वतःचे तीन फोटो पाहिले, हं, म्हणाली, बरी हाय. त्याच्या अंगठ्याने मागचं बटण एकदा जास्तीचं दाबलं गेलं, आणि पडद्यावर निळ्या चौकड्यांचा शर्ट आला. यशपालने कॅमेरा झटकन ओढून घ्यायचं केलं. नागूबाईने त्याचं मनगट धरलं. तिच्या हातात अजून एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आई, ते मी आहे. आज दुकानात काढला."

"ठावं हाय तू हाईस. दिसना व्हय मला?" ती म्हणाली, पण मनगट सोडलं नाही. तिने चेहरा पडद्याजवळ नेला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला, पुरता हात लांब होईल एवढा मागे, आणि डोळ्याला डोळा लावून बघत राहिली. ओठ नुसते हलत होते. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, तिने मान वळवली नाही. अर्ध्या मिनिटाने कॅमेऱ्याचा पडदा आपोआप काळा झाला.

"बंद पडलं की रं," ती घाबरून म्हणाली. "लाव. लाव परत."